तारेच्या टोकाचा दुभाषा

दूरध्वनीची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी ओढली गेली. मद्रास शहरात दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या तारांवरून व्यापाऱ्यांचे भाव, डॉक्टरांची बोलावणी आणि नातेवाइकांची खुशाली हेच प्रामुख्याने धावत होते. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्या जुन्या तारेवर एक निराळेच काम येऊन पडले. आता तिला संगणकाचे आकडेही वाहून न्यावयाचे होते. पुढच्याच वर्षी शहराचे नाव चेन्नई झाले. तार मात्र तीच राहिली.

भारतात हा प्रयोग अगदी नवा होता असे नाही. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मद्रासच्या आय. आय. टी.चा समावेश होता, आणि त्या जाळ्यातील आरंभीची पत्रे मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आय. आय. टी. यांच्या दरम्यान साध्या दूरध्वनीवरून गेली होती. परंतु प्रयोगशाळेतील जाणत्या माणसांनी एकमेकांस पत्र पाठविणे वेगळे, आणि मैलापूर किंवा तांबरम येथील एखाद्या विद्यार्थ्याने घरचा दूरध्वनी फिरवून जगाशी जोडले जाणे वेगळे. या विद्यार्थ्याच्या डोक्यावर दूरध्वनीचा मीटर चालू असे. जोडणी मध्येच तुटली की गेलेली मिनिटे परत मिळत नसत, आणि अर्धी उतरलेली फाइल बहुधा पुन्हा पहिल्यापासून मागवावी लागे. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना बसलेली यंत्रे एकमेकांचे बोलणे किती अचूक समजतात, या प्रश्नाला त्या घरात फार मोल होते.

हे बोलणे करणाऱ्या यंत्राचे नाव मोडेम. संगणकाला शून्य आणि एक एवढे दोनच अंक कळतात. दूरध्वनीच्या तारेला कळतो तो साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी. मोडेम हा या दोघांमधील दुभाषा होय: जाताना तो अंकांचे सूर करतो, येताना सुरांचे अंक करतो. इंटरनेट जोडताना घरोघरी जी चिरचिर, घरघर व शिट्टी ऐकू येत असे, ती म्हणजे दोन दुभाष्यांची पहिली भेट. त्यातील २,१०० हर्ट्झचा लांब सूर पलीकडचा मोडेम उत्तरादाखल देई. वाटेतील प्रतिध्वनी शोषून घेणारी साधने माणसांच्या संभाषणास उपकारक असली तरी मोडेमास अडथळाच करीत. हा सूर ऐकताच ती साधने बाजूस सरत. त्यानंतर दोघेही तारेची पारख करून किती वेगाने बोलावयाचे ते ठरवीत.

घरच्या टोकाचा मोडेम सर्वांना दिसत असे. दुसऱ्या टोकाचा फारसा कोणी पाहिला नाही. इंटरनेट पुरविणाऱ्या संस्थेच्या वातानुकूलित खोलीत जे यंत्र हे सर्व फोन उचलते, त्याला नेटवर्क अ‍ॅक्सेस सर्व्हर म्हणतात. आपण त्यास प्रवेशयंत्र म्हणू. आरंभीच्या काळात अशा खोल्यांतून सुट्या मोडेमांच्या रांगाच मांडलेल्या असत, प्रत्येकाला एक तार. पुढे दूरध्वनी केंद्रापासून एक अंकीय वाहिनी थेट प्रवेशयंत्रात आणण्यात येऊ लागली. ई-वन या नावाची ही वाहिनी सेकंदाला २०,४८,००० बिट वाहते आणि तिच्यात ३० संभाषणे एकदम मावतात. सिस्को कंपनीच्या एएस ५३०० या प्रवेशयंत्राला अशा चार वाहिन्या जोडल्या की १२० माणसे एकाच वेळी आत येऊ शकत. आत मात्र १२० पेट्या नसत. असत त्या काही चकत्या आणि त्यांवर अतिशय जलद आकडेमोड करणारे इवलेसे प्रक्रियक. मोडेमचे सूर तेथे कोणत्याही तंतूतून निघत नसत. ते गणिताने घडविले जात.

यंत्रातील शिकवण

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. प्रक्रियक जर केवळ आकडेमोड करीत असेल, तर कोणती आकडेमोड करावी हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. या सूचनांच्या संचाला फर्मवेअर म्हणतात. ॲशर ओप्लर या अमेरिकन लेखकाने १९६७ साली हा शब्द प्रथम वापरला, तो थोड्या निराळ्या अर्थाने. पुढे यंत्राच्या पोटात कायमच्या राहणाऱ्या कार्यक्रमासाठी तो रूढ झाला. यंत्राचे सुटे भाग म्हणजे हार्डवेअर, ते बदलावयाचे तर स्क्रू काढावे लागतात. संगणकावर येणारे-जाणारे कार्यक्रम म्हणजे सॉफ्टवेअर. फर्मवेअर या दोहोंच्या मधले आहे. वीज गेली तरी ते पुसले जात नाही, आणि मनात आणले तर एकही स्क्रू न काढता ते बदलता येते. एखाद्या दुभाष्याने तोच देह, तोच कंठ राखून एका रात्रीत नवी भाषा शिकावी, तसे हे आहे.

नवी भाषा शिकण्याची गरज का पडावी? तारेवरून किती वेगाने अंक पाठविता येतात याला मर्यादा आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच दाखवून दिले होते. पट्ट्याची रुंदी आणि आवाजाच्या मानाने गोंगाट किती, या दोन गोष्टींवर ती ठरते. चांगल्या दूरध्वनी तारेसाठी हिशेब केला तर उत्तर सेकंदाला सुमारे ३६,००० बिट येते. मोडेम हळूहळू या भिंतीपर्यंत येऊन पोहोचले. १९६२ साली सेकंदाला ३०० बिट हा वेग नवलाचा होता. विदेश संचार निगमाची सेवा सुरू झाली तेव्हा ९,६०० हा आकडा व्यवहारात होता. १९९४ च्या व्ही-३४ या प्रमाणाने २८,८०० आणि दोन वर्षांनी त्याच्याच सुधारित रूपाने ३३,६०० गाठले. यापुढे जाणे शक्य नाही अशी बहुतेकांची समजूत होती.

ती समजूत एका बारीक निरीक्षणाने मोडली. प्रवेशयंत्राकडे येणारी वाहिनी अंकीय असते. म्हणजे इंटरनेटकडून घराकडे जाणारा मजकूर दूरध्वनी केंद्रापर्यंत अंकांच्याच रूपात येतो. त्याचे विद्युत्-लहरीत रूपांतर होते ते केवळ शेवटच्या टप्प्यावर, केंद्रातून घराकडे निघताना. शॅनन यांच्या हिशेबात धरलेला गोंगाटाचा मोठा भाग लहरींचे अंक करताना उत्पन्न होतो. या दिशेला ते रूपांतर होतच नसल्यामुळे तो गोंगाटही नाही! दूरध्वनीचे जाळे सेकंदाला ८,००० नमुने वाहते. प्रत्येक नमुन्याच्या आठ बिटांपैकी सात वापरले तरी ५६,००० बिट होतात. घराकडून उलट जाणाऱ्या मजकुराला हा लाभ नाही, म्हणून तो ३३,६०० वरच राहिला.

१९९७ साली या कल्पनेच्या दोन बोली बाजारात आल्या, एक्स-टू आणि के-५६-फ्लेक्स, आणि त्या एकमेकींना समजत नव्हत्या. ज्याने एका बोलीचा मोडेम घेतला, त्याला दुसरी बोली बोलणाऱ्या प्रवेशयंत्राशी जुन्या संथ गतीनेच बोलावे लागे. हे भांडण निव्वळ व्यापारी होते आणि त्याची किंमत ग्राहकाने मोजली. अखेर १९९८ च्या फेब्रुवारीत जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात एक समाईक मसुदा ठरला, आणि सप्टेंबरात व्ही-९० या नावाने त्याला मान्यता मिळाली. जगभर विकल्या गेलेल्या असंख्य मोडेमांना आता ही तिसरी, सर्वांची भाषा शिकवावयाची होती. फर्मवेअर बदलण्याजोगे नसते तर ती सारी यंत्रे भंगारात गेली असती.

भारतात याच सुमारास दार उघडले हा एक योगायोग. १९९८ च्या नोव्हेंबरात सरकारने इंटरनेट सेवेतील मक्तेदारी संपवून खासगी संस्थांना परवानगी दिली, आणि चेन्नईत मुख्यालय असलेल्या सत्यम इन्फोवे या संस्थेने त्याच महिन्यात आपली सेवा सुरू केली. समाईक भाषा आणि खुला बाजार दोन महिन्यांच्या अंतराने आले.

रात्रीचे काम

प्रवेशयंत्राला नवी भाषा शिकविण्याचे काम बहुधा रात्री उशिरा करीत, कारण तेव्हा येणारे फोन कमी असत. पद्धत ऐकावयास सोपी आहे. नव्या फर्मवेअरची फाइल जवळच्या एका संगणकावर ठेवावयाची, आणि टीएफटीपी नावाच्या अगदी साध्या नियमाने प्रवेशयंत्राने ती मागवून घ्यावयाची. या नियमात फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे करतात. एक तुकडा पोचल्याची पोच आल्यावाचून पुढचा तुकडा निघत नाही. सावध कारकून एक लखोटा दिल्यावर सही घेऊनच दुसरा पुढे करतो, तसे. त्यात ना संकेतशब्द, ना गुप्तता. म्हणून हा व्यवहार संस्थेच्या स्वतःच्या आतल्या जाळ्यातच ठेवणे शहाणपणाचे असते.

फाइल प्रथम यंत्राच्या फ्लॅश स्मृतीत उतरते. या स्मृतीचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे: तिच्यावर नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते. पुसून झाले आहे आणि लिहून व्हावयाचे आहे, अशा क्षणी वीज गेली तर यंत्राजवळ ना जुनी शिकवण उरते ना नवी. उन्हाळ्यात भारनियमन सोसणाऱ्या आपल्या शहरांत ही भीती पुस्तकी नव्हे. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे विजेचा राखीव साठा. दुसरा यंत्राच्या रचनेतच असतो: कधीही न पुसला जाणारा एक छोटा आरंभ-कार्यक्रम वेगळ्या स्मृतीत ठेवलेला असतो, आणि त्याला फारसे काही येत नसले तरी नवी फाइल पुन्हा मागवून घेण्याइतके येते. शिवाय उतरलेल्या फाइलची बेरीज-पडताळणी केल्यावाचून तिचा स्वीकार करावयाचा नाही, हा दंडक.

यानंतरचे काम अधिक नाजूक. त्या काळच्या प्रवेशयंत्रांत एका चकतीवरील सहा मोडेमांचा गट एकत्रच नवे फर्मवेअर घेई. त्यातील पाच मोकळे असले आणि सहाव्यावर कोणी विद्यार्थी परीक्षेचा निकाल पाहत असला, तर काय करावे? फोन तोडून टाकणे हा एक मार्ग, आणि घाईत तोही वापरला जाई. परंतु यंत्राला सौम्य आज्ञाही देता येते: या गटाकडे नवा फोन पाठवू नये, चालू आहे तो आपणहून संपू द्यावा, आणि सहाही मोकळे होताच शिकवण बदलावी. देवळाचा गाभारा बंद करताना पुजारी आतल्यांना हाकलीत नाही, नव्यांना तेवढा थांबवितो. या मार्गाला वेळ लागतो. १२० मोडेमांचे यंत्र पहाटेपर्यंत गटागटाने नवे होत राहते. तरीही हाच मार्ग श्रेष्ठ म्हटला पाहिजे, कारण पलीकडच्या माणसाला काही घडल्याची जाणीवही होत नाही.

नवे फर्मवेअर बसले म्हणजे काम संपले असेही नाही, कारण त्याला देशकाल सांगावा लागतो. आवाजाच्या नमुन्याचे आठ बिटांत रूपांतर करण्याच्या दोन पद्धती जगात आहेत. उत्तर अमेरिका व जपान म्यू-लॉ वापरतात. युरोप व भारत ए-लॉ. मोडेमच्या मांडणीत देश चुकीचा राहिला तर यंत्र प्रत्येक आकड्याचा भलताच अर्थ लावते, आणि जोडणी जुळत नाही किंवा जुळून कोसळते. दुसरी बाब ठेक्याची. सेकंदाला ८,००० नमुने हे ठीक, पण कोणाच्या घड्याळाने? प्रवेशयंत्राने दूरध्वनी केंद्राचे घड्याळ न मानता स्वतःचे चालविले, तर दोहोंत सूक्ष्म फरक साचत जातो आणि अधूनमधून एक नमुना गळतो किंवा दोनदा येतो. ही चूक सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाची, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांची. बोलणाऱ्या माणसाला ती ऐकूही येत नाही. मोडेम मात्र तेथे अडखळतो, बोलणे थांबवितो आणि तारेची पारख पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ग्राहक म्हणतो तार खराब आहे. दूरध्वनी खाते म्हणते तार उत्तम आहे. आणि दोघेही खरे बोलत असतात.

तार मात्र शिकत नाही

येथवर दुभाष्याचे कौतुक झाले. पण दुभाषा कितीही शिकला तरी वाट त्याच्या हाती नसते. चेन्नईला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि जमिनीखालील केबलच्या सांध्यात पाणी शिरले की तारेवर खरखर वाढते. अशा घरात ५६,००० चा हट्ट धरण्यापेक्षा मोडेमला आज्ञा देऊन ३३,६०० वर, प्रसंगी त्याहूनही खाली स्थिर ठेवणे लाभाचे असते. वारंवार तुटणाऱ्या वेगवान जोडणीपेक्षा न तुटणाऱ्या संथ जोडणीवरून फाइल लवकर उतरते. घर आणि दूरध्वनी केंद्र यांच्या दरम्यान कोठे जुन्या पद्धतीचे दुसरे रूपांतर होत असेल, तर व्ही-९० ची सारी युक्तीच निष्फळ ठरते.

याहून मोठी अडचण केंद्रातच होती. किती तारांमागे किती जोडसाधने ठेवावीत याचे गणित डेन्मार्कचे आग्नर अर्लांग यांनी १९०९ पासून घडविले, आणि दूरध्वनी केंद्रे त्याच आधारावर उभी राहिली. साधारण ग्राहक गर्दीच्या तासात सहा मिनिटे बोलेल, असे सामान्यतः धरलेले असे. इंटरनेटचा ग्राहक मात्र तासन् तास तार सोडीत नाही. असे बरेच ग्राहक एका केंद्रावर आले की शेजाऱ्याला साधा फोनही लागत नाही. जगातील कोणतेही फर्मवेअर हा हिशेब बदलू शकत नव्हते.

या प्रश्नाला चेन्नईच्या आय. आय. टी.मधून एक मूलगामी उत्तर आले. प्रा. अशोक झुनझुनवाला व त्यांच्या सहकाऱ्यांच्या टेनेट या गटाने, मायडस कम्युनिकेशन ही चेन्नईची संस्था आणि अमेरिकेतील अ‍ॅनालॉग डिव्हाइसेस यांच्या साहाय्याने, कॉरडेक्ट ही बिनतारी व्यवस्था सिद्ध केली. तिच्यात घराच्या भिंतीवर एक छोटी पेटी असते. अडथळा नसेल तर सुमारे दहा किलोमीटरवरील मनोऱ्याशी ती रेडिओलहरींनी बोलते. संगणक या पेटीला थेट जोडावयाचा. अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत अंकच राहतात, सूर होतच नाहीत. म्हणजे दुभाषाच नाहीसा झाला. आणि मनोऱ्यामागील यंत्रात इंटरनेटची जोडणी ओळखून तिला दूरध्वनी केंद्रात न शिरू देता वेगळ्या प्रवेशयंत्राकडे वळविले जाते. केंद्राला फक्त बोलणारी माणसे उरतात. वेग सेकंदाला ३५,००० बिट, आणि त्या वेळी फोन चालू नसेल तर ७०,०००. हे आकडे व्ही-९० च्या मानाने फार मोठे नव्हेत. परंतु ज्या गावात तांब्याची तार पोहोचलीच नव्हती, त्या गावाशी तुलना शून्याची करावयास हवी.

हे मदुराई जिल्ह्यातील मेलूर परिसरात दिसून आले. २००१ नंतर तेथील खेड्यांत कॉरडेक्टच्या आधारे इंटरनेट केंद्रे उघडली गेली. तेथून रुग्णाच्या डोळ्याचे छायाचित्र मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडे पाठविता येई आणि रुग्णाने शहर गाठावे की नाही हे डॉक्टर कळवीत. असे चित्र शंभर किलोबाइटांचे मानले तर ३५,००० च्या वेगाने ते पोचावयास सुमारे तेवीस सेकंद लागतात. मोलमजुरी करणाऱ्या म्हाताऱ्याचा एक दिवस आणि बसचे भाडे यांच्या तुलनेत तेवीस सेकंद काहीच नव्हेत.

शहरात तांब्याच्या तारेला आणखी एक संधी मिळाली. २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमाने एडीएसएल पद्धतीची सेवा सुरू केली. तिच्यात आवाज आपल्या जुन्या पट्ट्यात राहतो आणि अंक त्याहून पुष्कळ वरच्या कंप्रतांवरून जातात. घरी व केंद्रात बसविलेली एक गाळणी दोहोंना वेगळे करते, आणि अंकांची वाट केंद्राच्या जोडसाधनांपर्यंत जातच नाही. फोनवर बोलत असतानाही इंटरनेट चालू लागले, आणि शिट्ट्यांचा तो आवाज घरांतून हळूहळू नाहीसा झाला. दुभाषा मात्र या पेटीत परतला होता. त्याचे फर्मवेअर आता घरमालकालाच बदलता येत असे, आणि बदल चालू असताना पेटीची वीज बंद करू नये, ही सूचना त्यालाही पडद्यावर वाचावी लागे.